पावणेसातचा निरोप

४ ऑगस्ट

डोकं तापलंय म्हणून ही वही काढली. संजीवना सांगायला गेले तर म्हणाले, "असू दे नं, वर्षभराचीच तर गोष्ट आहे," आणि पुन्हा क्रिकेट बघत बसले. नवऱ्यापेक्षा कागद बरा, मध्येच स्कोअर तरी सांगत नाही.

झालं असं, की आमच्या रेडिओ ओसरीवर आज नवीन बाई आली. ओसरी म्हणजे नागपुरात सदर भागातल्या एका कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरचं, संस्थेनं चालवलेलं छोटं केंद्र. शहराबाहेर फारसं ऐकू जात नाही. पण शहरात संध्याकाळी सहा ते सात 'सांजवात' लागते, आणि 'सांजवात' म्हणजे मी. पंधरा वर्षं. ऑटोत बसून पत्ता सांगितला की ऑटोवाला मागे वळून विचारतो, "मॅडम, रेडिओवाल्या का?"

आमच्या संचालक ऋतुजा मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "ह्या मुटिंटा. झांबियाच्या. बावीस वर्षं रेडिओ-टीव्हीवर बातम्या दिल्यात त्यांनी. कॉलेजच्या देवाणघेवाणीतून वर्षभर आपल्याकडे आल्यात."

उंच, काळीभोर बाई. केस अगदी बारीक कापलेले, कानात मोठ्या रिंगा. मी माझ्या चांगल्यातल्या इंग्रजीत स्वागत केलं. तर म्हणते कशी, "इंग्रजी काहून वं ताई? मी नागपुरातच शिकली नं. चार वर्षं प्रताप नगरच्या सिंधूताईनं जेवू घातलं मले."

सगळे खो खो हसले. पिंटू, आमचा साउंडवाला, पन्नाशीचा बाप्या, तर टेबल बडवून हसला. तीस वर्षांपूर्वी इथे कॉलेजात आफ्रिकेतली पोरंपोरी दिसायची, त्यातलीच ही एक. घरमालकिणीकडून भाषा उचलली आणि अजून विसरली नाही म्हणे.

मला हसू आलं नाही. हे 'मले', 'तुले', 'काहून' मी माझ्या जिभेवरून घासून घासून काढलंय. उमरेडहून आले तेव्हा पहिल्याच ऑडिशनला 'मले' म्हटलं, तर काचेपलीकडून साहेबांनी हात हलवून थांबवलं होतं. वर्षभर आरशासमोर बसून बोलायला शिकले मी. आणि ही सात समुद्र ओलांडून येते, तेच बोलते, तर सगळ्यांना गोड वाटतं. वा रे वा!

७ ऑगस्ट

ऋतुजा मॅडमनी तिला 'सांजवात'मध्ये पाहुणी म्हणून बसवलं. पाच मिनिटं ठरली होती, वीस झाली. फोन थांबेनात. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तू त आमच्यावानी बोलतं वं!"

मला पंधरा वर्षांत असं कोणी म्हटलं नाही. मला म्हणतात, "किती शुद्ध बोलता हो!" तेच बरं आहे. शुद्ध ते शुद्ध.

आवाज चांगला आहे तिचा. खोल आहे आणि घाई करत नाही. हे लिहिताना हात दुखतो.

२३ ऑगस्ट

मारबत. ही बया माईक घेऊन सकाळपासून इतवारीच्या गर्दीत. मी पण गेले होते, मला काय घरी बसवतं? पिवळ्या मारबतीचा तो अवाढव्य पुतळा समोरून निघाला आणि सगळे ओरडले, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" मी मनातल्या मनात एक नाव जोडलं. कोणाचं ते इथे लिहायला नको.

संध्याकाळी तिचं रेकॉर्डिंग पिंटूनं तीनदा ऐकवलं. मारबत काही घेऊन गेलेली दिसत नाही.

९ सप्टेंबर

आज माझ्या कार्यक्रमाचा पाय कापला.

मीटिंगमध्ये मुटिंटाबाई म्हणाल्या, "आमच्या गावच्या रेडिओवर संध्याकाळी मेल्या माणसाची खबर सांगतात. कोन गेलं, काय काम करे, मागं कोन कोन राहिलं. लोकं सायकल थांबवून आयकतात. आपण करू नं इथं."

मी म्हटलं, "दिवेलागणीला? लोक देवापाशी दिवा लावणार आणि आपण मयताच्या बातम्या देणार? काय अभद्र बोलता!" ऋतुजा मॅडम म्हणाल्या, पितृपक्ष लागलाच आहे, आत्ताच करून बघू. झालं. 'सांजवात'चा शेवटचा पाव तास गेला. पावणेसात ते सात, 'निरोप', सादरकर्त्या मुटिंटा.

संध्याकाळी लगेच पहिली खबर, गांधीबागेत कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या देवराव नावाच्या हमालाची. तिनं नाव दोनदा घेतलं. मग काम सांगितलं. मग मागे राहिलेल्यांची नावं, एकूण एक. बायको, मुलं, सुना, लेकी, जावई, आणि सोबत गठ्ठे उचलणारा एक मित्र. नावं घरच्यांकडून घेताना शेवटी हे विचारायचंच म्हणे, "आनखी कोनी राहिलं काय?"

मी विचारलं, रेडिओ आहे की लग्नाची पत्रिका? तर म्हणे, त्यांच्या गावात ज्या नातलगाचं नाव खबरेत नाही तो मातीला जात नाही. त्या घरानं आपल्याला दार लावलं असं तो समजतो. म्हणून कोणी सुटता कामा नये. काय एकेक पद्धती असतात लोकांच्या.

१५ सप्टेंबर

जिना माणसांनी भरलेला. लोक आपापली मयतं घेऊन येतात. पेपरात ज्यांचा कधी फोटो येणार नाही, असलीच सगळी. भाजीवाली, वॉचमन, शिवणकाम करणारी. एक बाई मुटिंटाबाईंचा हात धरून कॉरिडॉरमध्ये रडत होती आणि ही तिच्याबरोबर तशीच उभी. पाणी विचारलं नाही की बसा म्हटलं नाही.

माझा हात धरून कधी कोणी रडलं नाही. माझ्या कार्यक्रमात रडण्यासारखं काही नसतंच मुळी.

२६ सप्टेंबर

अपमान! सरळसरळ अपमान!

ऋतुजा मॅडमनी बोलावून गोड आवाजात सांगितलं, "लतिकाताई, तुम्हाला इथले गल्लीबोळ माहीत आहेत. 'निरोप'चे पडताळणीचे फोन तुम्ही कराल?" मुटिंटाबाईंचा नियम असा, की घरी फोन लावून घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय एकही नाव माईकवर जायचं नाही. मागे कोण राहिलं तेही घरच्यांच्याच तोंडून घ्यायचं. मी चिठ्ठीवर बरोबरची खूण करायची, खूण असली की त्या डोळे झाकून वाचणार.

म्हणजे पंधरा वर्षं 'सांजवात' चालवणारी मी आता मयताघरी फोन लावणारी. आणि वर ही मला शिकवते, "ताई, आधी आपलं नाव सांगायचं. मंग चूप राहायचं. ते बोलत नाहीत तोवर आपण बोलायचं नाही." मला! फोनवर बोलायला!

मी सगळे फोन केले. नीट केले. कोणी बोट दाखवायला नको.

३ ऑक्टोबर

दसरा झाला. काल ती दिवसभर दीक्षाभूमीवर लोकांचं बोलणं टिपत उभी होती म्हणे, आज पाय सुजलेत. खाली टपरीवर चहाला भेटली. मी खडा टाकला. "एवढं मोठं नाव होतं तुमचं, तर मग सोडून का आलात?"

सांगायला लागली. नागपूरहून परत गेल्यावर गावच्या रेडिओत टायपिस्ट होती. एका संध्याकाळी निवेदक आलाच नाही, तर हिला बसवलं मयताच्या खबरा वाचायला. तिथून चढत गेली. सकाळच्या इंग्रजी बातम्या, मग राजधानीत एका टीव्ही चॅनेलवर. पुरात होडीत बसून बातम्या दिल्या, निवडणुकीत मंत्र्यांना घाम फोडला. बसमध्ये हिचा आवाज लागला की ड्रायव्हर बाकीच्यांना गप्प करायचे.

मग तिथल्या बाजाराला आग लागली. चॅनेलचा मालक म्हणाला, 'काही माणसं दगावली' एवढंच म्हण. ही रात्रभर हॉस्पिटलात उभी राहिली, नावं उतरवली आणि सगळी वाचली. त्यातलं एक नाव जिवंत बाईचं निघालं. भिंतीवरच्या कागदावर होतं, हिनं घरी विचारलं नव्हतं. मालकाला तेवढंच हवं होतं. खोटी खबर देणारी म्हणून दुसऱ्या दिवशी खुर्चीवर दुसरी बसली. नवराही गेला, तुझ्यापायी माझी नोकरी जाईल म्हणून.

"बाकी सगळी नावं खरी होती, ताई. एक खोटं होतं. लोकाईले तेच आठवते. आता माहा हात फोन केल्याशिवाय कागदाले लागत नाही."

मी 'अरेरे' म्हटलं. खरं सांगू? बरं वाटलं. म्हणजे ही पण हाकललेलीच आहे. आज भूकही छान लागली.

११ ऑक्टोबर

पिंटूनं बातमी फोडली. दिवाळीनंतर संध्याकाळचा अख्खा तास मुटिंटाबाईंना, आणि 'सांजवात' सकाळी सहाला! सकाळी सहाला सांजवात! अरे नाव तरी बदला रे बाबांनो!

ऋतुजा मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "सकाळचे श्रोते वेगळे असतात, ताई." कोण असतात? दूधवाले आणि मी.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. पंधरा वर्षं, बाप्पा, पंधरा वर्षं.

१४ ऑक्टोबर

दुपारी मोबाईलवर खबर आली. "रामाजी खापेकर, उमरेड, विणकर, वय ७८ यांचे आज निधन. अंत्यविधी उद्या सकाळी दहा." खाली पाठवणाऱ्याचा नंबर. बाकी काही नाही.

रामाजी खापेकर म्हणजे माझे काका.

बाबा गेले तेव्हा मी दुसरीत होते. काकांच्याच घरी वाढले, मागाच्या खटखटीत. त्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरून दिल्या, शाळेत गेले. कॉलेजला त्यांनीच पाठवलं. नाकारत नाही मी. पण मग एकदा ते इथे ओसरीवर आले. धोतर, टोपी, हातात तांदळाची पिशवी, आणि कॉरिडॉरच्या त्या टोकापासून ओरडले, "लते, कशी हायेस वं?" माझ्यासमोर मोठे पाहुणे बसले होते. मी एवढंच म्हटलं, हळू बोला, आत रेकॉर्डिंग चालू आहे. पाहुण्यांना सांगितलं, गावाकडचे आहेत. आहेतच ना गावाकडचे? यात काय वाईट? ते पिशवी ठेवून निघून गेले आणि यमूच्या नव्या घराच्या वास्तूला मला बोलावलं नाही. यमू माझी चुलत बहीण, एका ताटात जेवलो आम्ही. सगळं नागपूर बोलावलं, मी नाही. तेव्हापासून बंद आहे सगळं.

आता त्या घरी मी फोन लावू? काय म्हणू? ते म्हणतील, आज आठवण आली काय. आणि विचारायचं तरी काय? त्या घरात कोण कोण आहे हे मला परक्या माणसाला विचारावं लागतंय होय? ही बाई मला माझ्या लोकांची पडताळणी शिकवणार?

बसल्या बैठकीला लिहून काढलं. मारुतीच्या गल्लीतले रामाजी खापेकर. पत्नी रुख्माबाई, मुलगा अनंत, सून प्रीती, मुलगी यमुना, जावई, नातू अंकुर, नात रुचिका. शेवटी, पुतणी लतिका. यादी पुरी असावी म्हणून घातलं, बाकी काही नाही. खूण केली.

मुटिंटाबाईंनी विचारलं, "फोन झाला नं ताई? कोनाशी बोलल्या?" मी म्हटलं, "घरच्यांशीच." का, मी घरची नाही?

तिनं वाचलं. नेहमीसारखं, सावकाश, दोनदा. "पुतणी लतिका" पण दोनदा. पिंटूच्या केबिनमधला एसी धूळ फेकतो, डोळ्यात काहीतरी गेलं. ती काचेतून बघत होती. बाहेर आली आणि म्हणाली, "तुमचे काका होते? सांगतलं काहून नाही वं? घरी जा नं." मी म्हटलं, माझं काम बाकी आहे.

जेवण गेलं नाही. संजीव म्हणतात, सकाळी उमरेडला जाऊ. मी म्हटलं, ज्यांनी कळवलं नाही त्यांच्या दारात मी जाणार नाही.

१५ ऑक्टोबर

काका जिवंत आहेत.

गेले ते बाजाराकडचे रामाजी खापेकर. उमरेडात रामाजी खापेकर दोन. आमच्या लोकांत आडनावं चार आणि नावं दहा. कोणी गेलं म्हटलं की पहिला प्रश्न हाच असतो, कोणत्या गल्लीतला? पोस्टमनसुद्धा विचारायचा, मारुतीचे की बाजाराचे? मला हे माहीत नव्हतं असं नाही. गल्ली तर मीच लिहिली.

खबर पाठवणारा त्या दुसऱ्या रामाजींचा पुतण्या, गांधीबागेत कापडाच्या दुकानात असतो. एक फोन लावला असता तर त्यानंच सांगितलं असतं.

रुख्माकाकी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपुरात यमूकडे आलेली आहे. डोळ्याला पट्टी म्हणून दिवसभर रेडिओ. तिनं ऐकलं. उंबरठ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. यमूनं उमरेडला फोनवर फोन लावले, कोणी उचलेना. उचलणार कोण? सगळं घर बाजाराकडच्या रामाजींच्या मयताला गेलेलं. काका स्वतः तिथे सांत्वनाला बसलेले.

सकाळी अनंत, यमूचा नवरा आणि आणखी दहा-बारा जण ओसरीवर चढून आले. "कोन हाय ते बाई? बाहेर काढा तिले!" तिच्या रंगावरून जे बोलले ते इथे लिहिणार नाही. "परक्या मुलुखातून येते आन् आमचे जिते माणसं मारते!" एकानं माईकचा स्टँड लाथ मारून पाडला. ऋतुजा मॅडम 'शांत व्हा' म्हणत होत्या, कोण ऐकतंय?

मुटिंटाबाई स्टुडिओतून बाहेर आल्या. हात जोडले. "म्या वाचलं. माह्या तोंडातून गेलं. चूक माही हाये." ऋतुजा मॅडमनी विचारलं, "पण या घरी फोन झाला होता ना?" ती म्हणाली, "वाचलं म्या." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी पाण्याच्या कूलरपाशी उभी होते. अनंतनं मला बघितलं. "लताताई, तू होती नं इथं? तुले नाही समजलं?"

मी म्हटलं, "आम्हाला कुठे कोण विचारतं?"

हे वाक्य माझ्याच तोंडातून निघालं. सगळ्यांनी ऐकलं, तिनंही.

१८ ऑक्टोबर

संस्थेनं 'निरोप' बंद केला. मुटिंटाबाईंचं काम संपवलं, पुढच्या महिन्यात परत जाणार. दिवाळीनंतर सहा ते सात 'सांजवात', पूर्ण तास. ऋतुजा मॅडमनी सांगितलं तेव्हा मी 'बरं' म्हटलं. पेढे वाटायचे का, पिंटूनं विचारलं. मी त्याला चांगलंच झापलं.

संध्याकाळी ती टेबल आवरत होती. मी गेले. म्हटलं, "तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, त्याबद्दल मी आभारी..."

पुरं बोलू दिलं नाही. "तुमच्यासाठी चूप नाही राहिली मी. जो वाचते, चूक त्याची. हे माह्यं काम हाये. तुमचं काय ते तुमच्यापाशी ठेवा." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग म्हणाली, "मले त्या आजीचे पाय धराले जायचं हाये. घर तुमी दाखवा." मी नाही म्हटलं. तर म्हणे, "मंग मी एकटी जातो. आन् त्यायनं इचारलं, नावं कोनं सांगतली, त मी खोटं नाही बोलणार."

म्हणजे धमकी! ही काय आहे ते आता कळलं. साधी-सरळ म्हणून मिरवते आणि असं कोंडीत पकडते. दिवाळी होऊ दे म्हटलं. काकी तोवर घरी जाईल.

२६ ऑक्टोबर

आज उमरेडला गेलो. बसमध्ये ती पुढच्या सीटवर, मी मागे. लोक वळून वळून तिच्याकडे बघत होते, पोरं फोटो काढत होती, ती खिडकीबाहेर बघत होती.

मारुतीच्या गल्लीत शिरल्यावर मी लांबूनच घर दाखवलं. माग कधीच गेले, त्या खोलीत आता अनंतची सायकल आणि सिलिंडर. काका खाटेवर बसलेले. फार बारीक झालेत. काकी खाली चटईवर, कपाळ मोकळं, हात मोकळे. यमूनं आणलेल्या हिरव्या बांगड्या कागदात तशाच पडलेल्या.

मुटिंटाबाई काकीच्या पायाशी वाकल्या. काकीनं पाय ओढून घेतले. "हात नको लावू, बाई. माह्या हातानं फोडल्या म्या. एकदा फुटल्या त फुटल्या. आता काय भरू?"

काका खाटेवरून म्हणाले, "आयकतं काय? दिवाळी गेली. मी जिता समोर बसलो हाये, आन् हे माह्यी इधवा होऊन बसली." हसायला गेले, पण खोकलाच आला. प्रीतीनं पाणी दिलं. आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही.

मग काका मुटिंटाबाईंना म्हणाले, "तू वाचलं?"

"हाव, बाबा. चूक माही."

"नावं कोनं देल्ली तुले? बाजाराकडच्या रामाजीले त नातूच नाही. अंकुर कोन, रुचिका कोन, माह्या सुनेचं नाव काय, हे झांबियातून घेऊन आली काय तू?"

काका माझ्याकडे बघत नव्हते. अनंत बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली मला दिसली.

मी म्हटलं, "काका, माझ्याकडून..." आणि पुढे माझी ती घासलेली, धुतलेली मराठी येईचना. "मले वाटलं, काका. मले वाटलं मले सगळं माहीत हाये. फोन नाही केला म्या."

किती वर्षांनी तोंडातून निघालं. काकांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मान हलली नाही. अनंत म्हणाला, "आन् त्या दिवशी आमी त्या बाईले शिव्या देत होतो, तवा तू कूलरपाशी उभी होती नं वं?" मी खाली बघितलं. तो बाहेर निघून गेला.

मग काका मुटिंटाबाईंना म्हणाले, "कागद हाय काय तुह्यापाशी?"

"हाये, बाबा."

"त लिव्ह. आता परत चूक नको. मी मेलो त काय वाचायचं ते मीच सांगतो."

ती म्हणाली, "माहा कार्यक्रम बंद झाला, बाबा. मी चालली माह्या देशात."

"तिथं वाच. मले काय फरक पडते? पन बरोबर वाच."

ती जमिनीवर बसली, गुडघ्यावर कागद ठेवला. काकांनी सांगायला सुरुवात केली. मारुतीच्या गल्लीतले रामाजी खापेकर. काम, विणकाम, लुगडी. बायको रुख्माबाई. "हे जिती असन तं," म्हणाले, आणि काकी पहिल्यांदा तोंड वर करून म्हणाली, "असीन मी." मुलगा अनंत, सून प्रीती. लेक यमुना, जावई. अंकुर. रुचिका. मग थांबले, भिंतीकडे बघितलं. "शेजारचा नत्थूजी घाल. माह्यासाठी रोज नळावरून पानी आनते, बिचारा." तिनं घातलं.

मग तिनं विचारलं. मला माहीत होतं ती विचारणार, दुसरं काही तिला येतच नाही. "आनखी कोनी राहिलं काय, बाबा?"

काकांनी आज पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. नीट, सावकाश बघितलं. मी दारातच उभी होते.

"नाही," ते म्हणाले. "झाले सगळे."

तिनं मान हलवली आणि आपल्या नियमाप्रमाणे पहिल्या नावापासून वाचायला लागली, त्या तिच्या आवाजात, कुठेही न अडखळता. मग पुन्हा एकदा वाचलं. मी दोन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकलं.